पाहुणे गेल्यावरचा केर

विषय : मठात कायम राहण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज, दोन प्रतींत, समक्ष सादर.

अर्जदार म्हणजे मी. भालचंद्र उपळेकर, वय चौसष्ट. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढून निवृत्त. अर्ज केला तो हौसामाईंकडे. आमच्या गावाबाहेर बारा किलोमीटरवर एका टेकडीवर त्यांचा मठ आहे. मठ म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, माईंच्या गुरूंची समाधी आणि एक कडुनिंब. माईंचं वय ऐंशीच्या पुढे. नक्की किती, याची नोंद कुठेही नाही.

"घरात काय कमी पडलं, म्हणून हितं राहायला आलास?" माईंनी विचारलं.

"कमी काहीच नाही. विरक्ती आली."

"कवापासून?"

मी तारीख आठवू लागलो. सवय आहे.

"साधारण संक्रांतीपासून."

माई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, उठल्या आणि ती दारामागच्या खुंटीला अडकवून आल्या.

"पिशवी धरून बसलेला मानूस उठायच्या बेतात असतो," त्या म्हणाल्या. "आता बस."

बसलो. आमच्या दोघांच्या मध्ये सुपात भाजलेल्या शेंगा होत्या. माई शेंगा फोडत, दाणे माझ्यापुढे सरकवत आणि टरफलं जमिनीवर टाकत. सुपाला एक रिकामा कोपरा होता. टरफलं तिथे ठेवता आली असती. अर्जात जागा उरली असती तर हेही लिहिलं असतं.

"वाच. मला वाचता येत न्हाई."

मी अर्ज वाचला. मठाची पाहणी केली असता पुढील गोष्टी आढळून आल्या. भक्तांच्या चपला पायरीवर वाटेल तशा. समाधीमागे करवंट्यांचा ढीग. अंगणात कडुनिंबाचा पाला. दिव्याच्या कोनाड्यात काजळी. सबब, अर्जदारास मठात राहू दिल्यास तो ही सर्व व्यवस्था विनातक्रार सांभाळील.

"विनातक्रार?"

"होय, माई."

"मग आत्ता वाचलीस ती काय हुती?"

मी अर्जाची घडी घातली.

माईंनी आणखी दोन शेंगा फोडल्या.

"तुझं घर कोन झाडतं?"

हा प्रश्न मला आवडला. "मीच. दोनदा झाडतो, एकदा पुसतो. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, चिठ्ठ्यांवर डबा भरल्याची तारीख आहे. चपलांची टोकं दाराकडे. चादरीला सुरकुती नाही." माझा आवाज जरा चढला असावा. "खोटं सांगत नाही, माई. जमिनीवर भात वाढून घ्यावा, अशी जमीन आहे."

"कोन जेवतं?"

कडुनिंबावर एक कावळा बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"...मी."

"अन् आनखी?"

"सध्या कोणी नाही."

"सध्या म्हंजे किती?"

एकतीस वर्षं तारखांचे शिक्के मारलेल्या माणसाला हे विचारू नये. त्याला उत्तर येतं.

"तीन दिवाळ्या," मी म्हणालो.

मग सगळंच सांगावं लागलं.

माझी लेक तनुजा नाशिकला असते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती नातीला घेऊन आठ दिवस राहायला आली. नात रेवा. तेव्हा पाच वर्षांची. आठ दिवसांत रेवाने खिडकीखालच्या भिंतीवर निळ्या खडूने कोंबडी काढली. ओल्या पायांनी न्हाणीघर ते देवघर असा रस्ता पाडला. तूरडाळीच्या डब्यावरची चिठ्ठी सोडवून आपल्या कपाळाला चिकटवली आणि "मी तूरडाळ, मी तूरडाळ" म्हणत घरभर फिरली.

"तू काय केलंस?"

"चिठ्ठी परत मागितली. तीवर तारीख होती."

माईंनी मान हलवली. मान्य केल्यासारखी.

नवव्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. रिक्षा फाटकाशी आलेली. मी हात हलवला, दार लोटलं आणि केरसुणी घेतली.

"लगेच?"

"घंटागाडी नऊला येते. नऊला पाच कमी होती."

"बरं."

"रेवाची पाण्याची बाटली राहिली होती. ती घ्यायला तनुजा परत आली. दार नुसतं लोटलेलं. ती उंबरठ्यात येऊन उभी राहिली. मी सुपलीत केर भरत होतो."

"काय काय हुतं केरात?"

असं कोणी विचारेल, असं मला वाटलं नव्हतं. पण ठाऊक होतं. "बिस्किटांचा चुरा. पेन्सिल तासलेली. एक केसांची पिन. फुटका फुगा. खडूचे तुकडे, बहुतेक निळे."

"लेक काय म्हनली?"

"म्हणाली, 'आम्ही अजून रिक्षात बसलोसुद्धा नाही, बाबा.'"

"अन् तू?"

"मी म्हणालो, 'बाटली ओट्यावर आहे. पाय पुसून ये.'"

माईंच्या बोटांतली शेंग न फुटताच राहिली.

इथे एक खुलासा नोंदवला पाहिजे. आपल्याकडे घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. तसा तो काढतात मढं उचलल्यावर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी माझ्या बायकोला, कुमुदला, न्यायला माणसं आली. त्यांनी तिला फाटकाबाहेर नेलं, तेव्हा मागे शेजारणीने तसा केर काढला होता, आणि तनुजा भिंतीला टेकून बघत होती. पण मी असल्या समजुती मानत नाही. तसं मी माईंना स्पष्ट सांगितलं.

"मी बी मानत न्हाई," माई म्हणाल्या.

मला बरं वाटलं.

"मग लेक भांडली?"

"नाही हो. दर रविवारी फोन करते. चार मिनिटं. सुट्टीत ये म्हटलं की म्हणते, 'कशाला, बाबा, तुमचं घर घाण होईल.' रागाने नाही म्हणत. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं."

"हं."

माईंनी ती शेंग आता फोडली. दाणे माझ्यापुढे ठेवले.

"बायको असताना पाव्हनं गेल्यावर केर कवा निघायचा?"

"उशिरा. त्याचं कारण वेगळं. केरसुणी सापडायची नाही."

हे मी तक्रार म्हणूनच सांगायला घेतलं. कुमुद मुळात व्यवस्थित नव्हती. एरवी केरसुणी दाराआड उभी असायची. पण तनुजा सुट्टी संपवून वसतिगृहाला निघाली, माझी बहीण माहेरपण उरकून सासरी गेली, की नेमकी गायब. मी घरभर शोधायचो. एकदा पाण्याच्या पिंपामागे सापडली, एकदा गाद्यांच्या ढिगात. तास-दोन तासांनी पाहावं तर आपली दाराआड उभी. शेवटी मी कुमुदला लेखी दिलं. केरसुणीची जागा दाराआड. तीत परस्पर बदल करू नये. तो कागद दाराआड चिकटवला. कुमुदने त्यावर सही केली होती. कागद पोचल्याची.

"मग सापडायला लागली?"

"कुठली! एरवी असायची जागेवर. पण पाहुणे निघाले की नेमकी..."





कडुनिंबावरचा कावळा केव्हा उडाला, कळलं नाही. तेहतीस वर्षांचा संसार. तेहतीस वर्षं ती बाई मला वेंधळी वाटत आली होती.

"...लपवायची," मी म्हणालो.

"दानं खा," माई म्हणाल्या.

मी दाणे खाल्ले. ते खाऊन झाल्यावर मात्र मला वाटलं, माणसाने आपली बाजू मांडायला हवी. इतकी वर्षं खात्यात काढली ती उगाच नाही.

"पण माई, केर शेवटी केर. तो काय कुणाचा आहे ते बघून काढायचा असतो? पडला की काढायचा. त्यात माणसाचा काय अपमान?"

"काईच न्हाई," माई म्हणाल्या. "अर्ज ठिवून जा."

मी अर्जाच्या दोन्ही प्रती त्यांच्या हातात दिल्या. पाया पडलो. मुलाखत चांगली झाली, असंच वाटत होतं. बाहेर आलो, पायरीवरच्या चपलांच्या गर्दीतून माझ्या शोधल्या, आणि एक पाय खाली टाकला तोच आठवलं. पिशवी खुंटीला राहिली.

वळलो.

माई केर काढत होत्या.

मघापासून ज्या बाईने टरफल हातभर लांब सरकवलं नव्हतं, ती वाकून, हातात केरसुणी घेऊन, मी बसलो होतो बरोबर तेवढीच जागा झाडत होती. बाकीच्या जमिनीला हात नाही. सुपली नव्हती. माझ्या अर्जाच्या दोन प्रती एकावर एक धरून त्यांनी त्यांची सुपली केली होती, आणि टरफलं तीवर घेत होत्या.

खाली टाकलेला पाय मी वर घेतला.

वास्तविक वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. टरफलं त्यांनीच टाकलेली. जमीन त्यांची. केर पडला की काढायचा, हे मीच चार मिनिटांपूर्वी म्हटलं होतं.

"माई," मी म्हणालो, "मी अजून पायरी उतरलोसुद्धा नाही."

म्हटलं, आणि ते वाक्य कुणाचं, ते मला कळलं.

माईंनी मान वर केली नाही.

"पिशवी खुंटीला हाय," त्या म्हणाल्या. "पाय पुसून ये."

...

मी आत गेलो नाही. उंबरठ्यात उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी तनुजा किती वेळ उभी होती, तेही मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडे पाहत नव्हतो. सुपलीकडे पाहत होतो.

माई सावकाश उठल्या. अर्ज दोन्ही हातांत धरला होता, टरफलांसकट. मला वाटलं, आता बाहेर फेकतील. त्या माझ्या बसण्याच्या जागेपाशी गेल्या, खाली बसल्या आणि त्यांनी अर्ज हळूच तिरका केला. टरफलं परत जमिनीवर आली. मग बोटांनी ती जरा इकडे, जरा तिकडे केली. आधी होती तशी. आठवेल तशी.

"ये. बस."

बसलो. टरफलं खाली चुरली. आवाज झाला.

मी विचारलं, "अर्जाचं काय, माई?"

"आधी घर घान करून ये," त्या म्हणाल्या. "मग बघू."

आदेश स्पष्ट होता. घरी येऊन मी अंमलबजावणीला लागलो.

पहिल्या दिवशी पावशेर शेंगा आणल्या, बसून खाल्ल्या आणि टरफलं जमिनीवर टाकली. ती एका ओळीत पडत होती. दोनदा उधळून पाहिली. उधळलेली दिसली, सांडलेली दिसेनात.

दुसऱ्या दिवशी चपला वाकड्या ठेवल्या. एकच जोड. तो फार तर किती वाकडा होणार?

तिसऱ्या दिवशी चादर तशीच सोडली. माणूस एकटा निजत असला की चादर एकाच बाजूला चुरगळते. दुसरी बाजू इस्त्रीची राहते. हे इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण उठल्याबरोबर मी ती ओढून घेत असे.

चौथ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा दार उघडलं नाही. गाडीवरच्या बाई फाटकाशी थांबल्या. "काका, बरे आहात ना?" असं दोनदा ओरडल्या. मला ओ द्यावी लागली. "आज काही नाही," म्हणालो. ते खरंच होतं.

पाचव्या दिवशी मी शोधाशोध केली. त्या आठ दिवसांतलं काही तरी कुठे राहिलं असेल, अशी एक शक्यता होती. कपाट सरकवलं. पलंगाखाली बॅटरी मारली. गॅलरीतली मोरी उपसली. खिडकीखालच्या भिंतीशी बसून, चष्मा काढून, नाक लावून कोंबडी शोधली. ती मी खाण्याचा सोडा लावून घासली होती. चोचसुद्धा शिल्लक नव्हती. तूरडाळीच्या डब्यावर नवी चिठ्ठी होती, नव्या तारखेची.

काम चोख झालं होतं. माझं काम चोखच असतं.

सहाव्या दिवशी पुन्हा टेकडी चढलो. माई समाधीपुढे वाती वळत बसल्या होत्या. पायरीवरच्या चपला वाटेल तशा होत्या. मी माझ्या त्यांतच काढल्या.

"झालं घान?"

"नाही झालं, माई."

"का रं?"

"टरफलं टाकली. चपला वाकड्या ठेवल्या. पाच दिवस केरसुणीला हात लावला नाही. धूळ बसते थोडी. पण ती नुसती धूळ..." मी पायरीवरच्या चपलांकडे पाहिलं. "एकट्याने नाही होत."

माई वात वळत राहिल्या. ती झाली. कापसाचा दुसरा पुंजका घेतला.

ऐकू गेलं नसेल, असं समजून मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो, "एकट्याने घर घाण होत नाही, माई."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे मला कशाला सांगतोस?"

सबब, दुसरा अर्ज केला. तो नाशिकला.

टपालानेच पाठवला. फोनवरची चार मिनिटं मला पुरली नसती, किंवा जास्त झाली असती. तीन मसुदे झाले. पहिल्यात 'तुमच्या येण्यामुळे होणारी गैरसोय सोसण्यास मी तयार आहे' असं एक वाक्य होतं. ते काढलं. दुसऱ्यात त्या दिवशीच्या घंटागाडीच्या वेळेचा खुलासा होता. तोही काढला. काढता काढता एवढंच उरलं :

"तनू, तुझी आई केरसुणी लपवायची. मला ते आत्ता कळलं. रेवाला म्हणावं, निळा खडू आण. खिडकीखालची भिंत रिकामी आहे. येताना पाय पुसू नका."

एकच प्रत काढली. नक्कल ठेवली नाही.

रविवारी फोन आला. तनुजा म्हणाली, पत्र मिळालं.   चार मिनिटांतली दीड तरी रेवाचे पाढे ऐकण्यात गेली असतील. मागे रेवा कुणाला तरी पाढे म्हणून दाखवत होती, आणि सातच्या पाढ्यात चुकत होती. ती आता आठ वर्षांची आहे. तिला कपाळावर चिठ्ठी लावून हिंडायचं वय राहिलेलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"बघू, बाबा," तनुजा म्हणाली. "रेवाची परीक्षा आहे."

'बघू' हे उत्तर मी स्वतः आमच्या कचेरीत येणाऱ्या शेकडो माणसांना दिलं आहे. त्याचा अर्थ 'हो' निघाल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. पण त्यावर कुणी येणं थांबवल्याचंही आठवत नाही. माणसं दर आठवड्याला यायची, बाकावर बसायची, आणि मी त्यांना सांगायचो, बाकावर चहा सांडू नका.

मठातल्या अर्जाबाबत माईंनी पुढे काही कळवलेलं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या अर्जाच्या प्रतींवर गूळ ठेवलेला पाहिला. मीही विचारलं नाही.

परीक्षा संपून आज अकरा दिवस झाले. केरसुणी मी पिंपामागे ठेवली आहे. घर स्वच्छ आहे.

नाशिकचा अर्ज प्रलंबित.